वार्धक्यातील मनोविकार व बुद्धिभ्रंश : ठाणे-कल्याण परिसरातील इतिहास

उतारवयात प्रथमच उद्‌भवणाऱ्या, अथवा पूर्वीपासून असलेल्या परंतु उतारवयात निराळे रूप धारण करणाऱ्या मानसिक विकारांना वार्धक्यातील मनोविकार असे म्हणतात. भारतात सामान्यतः वयाच्या ६० व्या वर्षापासून वार्धक्य सुरू झाले असे धरतात. या विकारांचे स्थूलमानाने पाच गट पडतात : (१) अवसाद म्हणजे दीर्घकाळ टिकणारी खिन्नता, (२) चिंताविकार, (३) उत्तरायुष्यात सुरू होणारे संशयविकार व भ्रम, (४) शारीरिक आजारामुळे अल्पावधीत निर्माण होणारी संभ्रमावस्था व (५) स्मृती, निर्णयशक्ती, भाषा आणि दिशा-काळाचे भान यांचा क्रमाक्रमाने ऱ्हास घडविणारा बुद्धिभ्रंश, म्हणजेच प्रचलित शब्दात डिमेन्शिया. प्रस्तुत नोंदीत या विकारांकडे पाहण्याची समाजाची, वैद्यकाची व कायद्याची दृष्टी कशी बदलत गेली याचा आढावा ठाणे व कल्याण-डोंबिवली या परिसराच्या अनुषंगाने घेतला आहे. राज्यातील एक मोठे मनोरुग्णालय आणि मुंबईतील मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांची एक मोठी वसाहत ही दोन्ही याच पट्ट्यात असल्याने हा इतिहास येथे विशेष स्पष्टपणे दिसतो.

जुन्या कल्पना : वार्धक्यात बुद्धी मंदावते, ही समजूत मराठी समाजात फार जुनी आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तिचीच साक्ष देते. म्हातारचळ, चळ लागणे, दुसरे बालपण, वात होऊन बरळणे असे अनेक शब्दप्रयोग बोलीत रूढ आहेत आणि त्यांचे अर्थ एकच नाहीत. ‘वात होणे’ हा प्रयोग बहुधा तापात वा अखेरच्या आजारात येणाऱ्या संभ्रमावस्थेला उद्देशून होतो. म्हातारचळ या शब्दात विसराळूपणापेक्षा वयाला न शोभणाऱ्या वर्तनावर भर आहे, तर दुसरे बालपण या शब्दात परावलंबन सुचविलेले आहे. म्हणजे आज वैद्यक ज्या अवस्था वेगळ्या काढते, त्यांच्यातील भेद लोकभाषेने आपल्या परीने टिपला होता. तथापि या सर्व अवस्था वयाचा स्वाभाविक भाग मानल्या गेल्याने त्यांवर उपचार होऊ शकतील, असा विचार मात्र या शब्दांतून पुढे आला नाही. ही समजूत वैद्यकाच्या प्रगतीनंतरही टिकून राहिली आणि ती या इतिहासातील एक प्रमुख अडसर ठरली.

आयुर्वेदाच्या आठ अंगांत जराचिकित्सेला स्वतंत्र स्थान आहे. रसायन प्रकरणात बुद्धी व स्मृती यांना हितकर अशी जी मेध्य द्रव्ये सांगितली आहेत, त्यांत मंडूकपर्णी, यष्टिमधू, गुडूची व शंखपुष्पी यांचा समावेश होतो. उन्माद व अपस्मार यांची वर्णने प्राचीन ग्रंथांत सविस्तर आहेत. यूरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधील फिलिप पीनेल आणि त्याचा शिष्य एस्कीरॉल यांनी मनोविकारांचे वर्गीकरण केले व जन्मजात मतिमंदत्व आणि नंतर आलेला बुद्धीचा ऱ्हास यांत फरक केला. पण त्या काळच्या ‘डिमेन्शिया’ या संज्ञेत कोणत्याही वयात व कोणत्याही कारणाने आलेला बुद्धीचा ऱ्हास मोडत असे. हा अर्थ लक्षात ठेवल्याखेरीज भारतातील जुन्या वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदींचा उलगडा होत नाही.

ठाण्याचे मनोरुग्णालय : मुंबई इलाख्यात वेड्यांसाठी पहिली व्यवस्था मुंबई बेटावरच झाली. एकोणिसाव्या शतकात कुलाबा येथील इस्पितळ हे तिचे केंद्र होते. १८५८ च्या कायद्याने अशा संस्थांची स्थापना व त्यांतील प्रवेश यांचे नियमन सुरू झाले. पुढे नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६) आणि पुणे येथेही इस्पितळे निघाली. कुलाब्याची जागा अपुरी पडू लागल्यावर ठाण्यात नौपाडा भागात नवे इस्पितळ उभारण्यात आले (१९०१). त्यास नरोत्तमदास माधवदास यांचे नाव देण्यात आले होते. हेच आजचे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय होय. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत रेल्वे झाल्याने मुंबईहून रुग्ण व नातेवाईक यांना तेथे पोहोचणे सोपे होते. शहराबाहेरची मोकळी हवा, झाडी व भरपूर जमीन ही त्या काळी अशा संस्थेसाठी आवश्यक मानली जात. पुढे दीर्घकाळ या रुग्णालयाची मंजूर क्षमता १,८५० खाटांची राहिली. राज्यातील चार शासकीय मनोरुग्णालयांत येरवड्याखालोखाल ही सर्वांत मोठी क्षमता होय.

एक योगायोग उल्लेखनीय आहे. १९०१ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिची स्मृती झपाट्याने ढासळत होती आणि नवऱ्याविषयी तिला निराधार संशय येत असे. आलोइस आल्त्सहायमर या वैद्याने तिच्या प्रकृतीच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या व १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. त्याच वर्षी त्याने ट्यूबिंगेन येथील सभेत आपले निष्कर्ष मांडले. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन याने आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगास आल्त्सहायमरचे नाव दिले. ठाण्याचे इस्पितळ व आल्त्सहायमर रोगाचा शोध यांचा आरंभ अशा रीतीने एकाच वर्षाचा. परंतु या दोन इतिहासांची गाठ पडण्यास पाऊणशे वर्षे जावी लागली.

वृद्ध रुग्णांचे स्थान : वसाहतकालीन इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत रुग्णांची विभागणी उन्माद, विषाद, डिमेन्शिया, सार्वदैहिक पक्षाघात अशा मथळ्यांखाली होत असे. त्यातील डिमेन्शियाचे बहुसंख्य रुग्ण म्हातारे नव्हते. दीर्घकालीन मनोविकाराने ज्यांची विचारशक्ती व भावना थिजून गेल्या होत्या, अशी तरुण व मध्यमवयीन माणसे त्यात गणली जात. ज्यांना आज छिन्नमानस म्हणतात त्यांतील अनेक त्या मथळ्याखाली येत. सार्वदैहिक पक्षाघात हा उपदंशामुळे होणारा मेंदूचा विकार असल्याचे १९१३ मध्ये निर्विवाद सिद्ध झाले आणि १९४० नंतर पेनिसिलिनमुळे तो जवळजवळ नाहीसा झाला. बुद्धिभ्रंशाचे एक कारण टाळता येते, हे दाखविणारे ते पहिले मोठे उदाहरण होय.

वृद्धांची संख्या इस्पितळात अल्प असण्याची कारणे तीन होती. पहिले म्हणजे आयुर्मान. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील सरासरी आयुर्मान पंचविशीच्याही खाली होते आणि १९५१ च्या सुमारास ते ३२ वर्षांच्या आसपास होते. बालमृत्यूंमुळे ही सरासरी खाली येत असली, तरी सत्तरी गाठणारे लोक समाजात थोडेच होते. दुसरे कारण एकत्र कुटुंब. चाळीस-पन्नास माणसांच्या वाड्यात वा गावातील घरात आजोबांनी तीच गोष्ट पुनःपुन्हा विचारली, तरी उत्तर द्यायला कोणी ना कोणी असे. तिसरे कारण कायदा. १९१२ च्या कायद्यानुसार इस्पितळात प्रवेश मिळे तो बहुधा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने. नातेवाइकांनी दोन वैद्यकीय दाखल्यांसह अर्ज करावा, किंवा पोलिसांनी भटकणाऱ्या वा धोकादायक वेड्यास पकडून आणावे, असे हे दोन मार्ग होते. शांत बसून राहणाऱ्या म्हाताऱ्यास कोणी कचेरीत नेत नसे. परिणामी ज्यांना घर नव्हते, असेच वृद्ध प्रामुख्याने इस्पितळात पोहोचत. वृद्धांचा मनोविकार असा दीर्घकाळ घराच्या भिंतीआड राहिला व त्याची मोजणी झाली नाही.

दृष्टिकोनातील बदल : १९२० नंतर वेड्यांच्या इस्पितळांना मानसिक आरोग्याशी निगडित नवी नावे मिळाली, परंतु आतील परिस्थितीत मोठा फरक पडला नाही. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालासाठी कर्नल मूर टेलर यांनी देशातील मनोरुग्णालयांची पाहणी केली, तेव्हा गर्दी, अपुरे वैद्य आणि कैदखान्याचे वातावरण हे दोष नोंदले गेले. सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकार विभाग असावा, ही कल्पना मात्र याआधीच रुजू लागली होती. कलकत्त्यात १९३३ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी व मुंबईत १९३८ मध्ये जे. जे. रुग्णालयात के. आर. मसानी यांनी तशी बाह्यरुग्णसेवा सुरू केली. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध उपलब्ध झाल्यानंतर अनेक रुग्ण घरी राहून उपचार घेऊ लागले.

वार्धक्यातील मनोविकार हे एकजिनसी नाहीत, हे स्पष्ट करण्याचे श्रेय ब्रिटिश मनोविकारतज्ञ मार्टिन रॉथ यांना दिले जाते. वृद्ध रुग्णांपैकी अवसादग्रस्त, संशयविकारग्रस्त, संभ्रमावस्थेतील, रक्तवाहिन्यांच्या विकाराने बुद्धी क्षीण झालेले व वार्धक्यजन्य बुद्धिभ्रंशाचे रुग्ण यांची पुढील वाटचाल अगदी भिन्न असते, असे त्यांनी १९५५ मध्ये दाखविले. अवसादाचे वृद्ध रुग्ण योग्य उपचारांनी बरे होतात, हा यातील व्यवहारदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होता. १९६८ मध्ये ब्लेस्ड, टॉमलिन्सन व रॉथ यांनी वृद्धांच्या मेंदूतील बदल आणि त्यांच्या हयातीतील बुद्धीचा ऱ्हास यांचा संबंध मोजून दाखविला. १९७६ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट काट्झमन यांनी चाळिशी-पन्नाशीतील विरळ आल्त्सहायमर रोग व म्हातारपणातील सर्वपरिचित बुद्धिभ्रंश हे मुळात एकच असल्याचे प्रतिपादन केले. येथपासून ‘साठी बुद्धी नाठी’ या समजुतीस शास्त्राचा आधार उरला नाही. वयाबरोबर शिकण्याचा वेग कमी होतो, नावे उशिरा आठवतात. पण स्वतःच्या घराचा रस्ता विसरणे हे वयाचे लक्षण नसून रोगाचे लक्षण आहे, असे वैद्यक सांगू लागले.

उपनगरांची वाढ व कुटुंबाचे बदलते रूप : याच सुमारास ठाणे-कल्याण पट्ट्याचे स्वरूप पालटत होते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली व ठाण्यातील वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली. डोंबिवलीची औद्योगिक वसाहतही त्याच दशकातील. गिरगाव, दादर, परळ या भागांतील चाळींत वाढलेली मराठी कुटुंबे दोन खोल्यांऐवजी स्वतःचा ‘ब्लॉक’ मिळावा म्हणून ठाणे, डोंबिवली व कल्याण येथे येऊन राहू लागली. १९८२ च्या गिरणी संपानंतर ही गती वाढली. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या सु. १८.४ लाख व कल्याण-डोंबिवलीची सु. १२.५ लाख होती. तत्कालीन ठाणे जिल्हा (पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला) सु. १.१ कोटी लोकसंख्येसह देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला.

या स्थलांतरात चाळीतील सामाईक गॅलरी मागे राहिली. दार उघडे ठेवून बसलेल्या म्हाताऱ्यावर चाळीत दहा जणांची नजर असे. ब्लॉकचे दार बंद असते आणि घरातील कर्ती माणसे सकाळच्या लोकलने मुंबईस जाऊन रात्री परततात. तरुण वयात आलेली ही पिढी २००० च्या सुमारास निवृत्त झाली. तिची मुले पुणे, बंगळूर वा परदेशी गेली. अशा रीतीने ज्या उपनगरांची रचना नोकरदार तरुणांसाठी झाली होती, ती वृद्धांची वस्तीस्थाने बनू लागली. उद्वाहन नसलेल्या चार मजली इमारतींत गुडघ्यांच्या दुखण्यामुळे महिनोन्‌महिने खाली न उतरणाऱ्या व्यक्ती आढळतात. एकाकीपण, बहिरेपणा व हालचालीचा अभाव हे तिन्ही घटक अवसादास व बुद्धिऱ्हासास पोषक असल्याचे आता मान्य झाले आहे. पूर्ण वेळ कामाची सवय असलेल्या पुरुषांत निवृत्तीनंतर आणि पत्नी निवर्तल्यानंतर, तर स्त्रियांत वैधव्य व आर्थिक परावलंबन यांमुळे अवसाद विशेष आढळतो. उपनगरी रेल्वेच्या या पट्ट्यात बुद्धिभ्रंशाच्या रुग्णाचे भटकणे अधिक धोक्याचे असते. कारण तीस वर्षांच्या सवयीने पाय स्थानकाकडे वळतात आणि गाडीत बसलेला माणूस तासाभरात कर्जत, कसारा वा मुंबईस पोहोचतो.

व्याप्ती : १९६१ मध्ये भारतात साठीवरील लोकांचे प्रमाण ५.६% होते. २०११ मध्ये ते ८.६% (सु. १०.४ कोटी) व महाराष्ट्रात ९.९% झाले. मुंबईच्या नागरी वस्तीतील एका मोठ्या पाहणीत (२००१ मध्ये प्रसिद्ध) ६५ वर्षांवरील व्यक्तींत बुद्धिभ्रंशाचे प्रमाण सु. २.४% आढळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार साठीवरील लोकांत ते ७.४% असून देशात सु. ८८ लाख रुग्ण असावेत. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती व वयोमर्यादा भिन्न असल्याने त्यांची सरळ तुलना करता येत नाही. केवळ कल्पना यावी म्हणून हिशेब करावयाचा, तर ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन महानगरपालिकांच्या २०११ च्या एकत्रित सु. ३१ लाख लोकसंख्येस राज्याची व राष्ट्राची ही प्रमाणे लावली असता साठीवरील सु. ३ लाख व्यक्ती आणि त्यांत बुद्धिभ्रंशाचे २२ हजारांहून अधिक रुग्ण असा अंदाज निघतो. हा मोजणीचा आकडा नव्हे. परंतु ठाण्याच्या मनोरुग्णालयातील सर्व खाटांच्या बारापट असलेला हा अंदाज रुग्णालय हे या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही, हे दाखविण्यास पुरेसा आहे.

निदान : बुद्धिभ्रंशासारखी लक्षणे दिसली तरी तो रोग असेलच असे नाही. थायरॉइड ग्रंथीचे मांद्य, ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनता (ही शाकाहारी वृद्धांत बरीच आढळते), पडल्यामुळे कवटीत साकळलेले रक्त, मेंदूतील द्रवाचा संचय, झोपेच्या गोळ्यांचे अतिसेवन व अवसाद यांमुळेही स्मृती ढासळते आणि यांपैकी बहुतेकांवर उपचार शक्य आहेत. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गाने वा रक्तातील सोडियम कमी झाल्यानेही वृद्ध माणूस एका रात्रीत असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी ‘आता वयच झाले’ म्हणून थांबणे प्राणघातक ठरू शकते. खऱ्या बुद्धिभ्रंशात आल्त्सहायमर रोगाचे प्रमाण सर्वाधिक असून रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे होणारा प्रकार त्याखालोखाल येतो. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात.

१९७५ मध्ये तयार झालेली ३० गुणांची संक्षिप्त मानसिक चाचणी व १९८२ ची वार्धक्यातील अवसाद मोजणारी प्रश्नावली ही साधने जगभर वापरली जातात. परंतु लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीस वाक्य लिहावयास किंवा उलट क्रमाने वजाबाकी करावयास सांगितल्यास तिचे अशिक्षितपण रोग म्हणून नोंदले जाते. हा दोष टाळण्यासाठी हरियाणातील बल्लभगढ परिसरात निरक्षर वृद्धांसाठी हिंदी रूपांतर करण्यात आले (१९९५) व त्याच धर्तीवर अन्य भारतीय भाषांतही चाचण्या तयार झाल्या. डोंबिवलीतील निवृत्त शिक्षक व शहापूर-मुरबाडमधील शेतकरी स्त्री यांना एकच मापदंड लावता येत नाही, हे या प्रयत्नांमागचे तत्त्व होय.

संस्था व लोकप्रयत्न : ठाण्याच्या मनोरुग्णालयात वृद्धांचा एक निराळाच वर्ग निर्माण झाला. तरुणपणी दाखल झालेले, आजार आटोक्यात आलेले, परंतु घरच्यांनी परत न नेल्याने तेथेच म्हातारे झालेले असे हे लोक आहेत. मानवी हक्क आयोगाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत आणि नंतर न्यायालयांत हा प्रश्न पुढे आला. घरी पाठविण्यायोग्य असूनही राज्यातील मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहिलेल्या रुग्णांचा विषय २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर जनहित याचिकेद्वारे आला. दरम्यान शहर रुग्णालयाभोवती वाढले व तेथील जमिनीस मोल आले. ठाणे व मुलुंड यांच्या दरम्यान नियोजित नव्या रेल्वेस्थानकासाठी त्या जमिनीचा काही भाग देण्याचा मार्ग २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने मोकळा झाला. शहराबाहेर म्हणून निवडलेली जागा सव्वाशे वर्षांत शहराच्या मध्यभागी आली, असा हा इतिहास आहे.

रुग्णालयाबाहेरील कार्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात १९९० मध्ये स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेचा उल्लेख करावा लागतो. मानसिक आरोग्याची चर्चा मराठीत व मध्यमवर्गीय घरापर्यंत नेण्याचे काम या संस्थेने केले. आल्त्सहायमर व तत्सम विकारांसाठी कार्य करणारी राष्ट्रीय संस्था १९९२ मध्ये केरळात स्थापन झाली व पुढे तिच्या शाखा अन्यत्र निघाल्या. मुंबईत १९९५ मध्ये डिग्निटी फाउंडेशन ही वृद्धांसाठी काम करणारी संस्था सुरू झाली. तिने बुद्धिभ्रंशाच्या रुग्णांसाठी दिवसभराची केंद्रे चालविली. महानगरपालिकांच्या रुग्णालयांपैकी कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय व डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही सामान्य वृद्धांची पहिली पायरी होय.

याहून व्यापक, पण फारसा नोंदला न गेलेला वाटा ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालये व कट्टे यांचा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मधील व ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधील आहे. या संस्था मनोविकारांसाठी निघाल्या नव्हत्या. परंतु वाचन, संभाषण व नियमित बाहेर पडणे यांमुळे बौद्धिक क्षमतेचा साठा टिकतो व ऱ्हासाची लक्षणे उशिरा दिसतात, हे आधुनिक संशोधन पाहता त्यांचे आरोग्यविषयक मोल ध्यानात येते. या संस्थांत येणारे बहुतांशी चालते-फिरते व साक्षर असतात, ही त्यांची मर्यादा होय. अंथरुणास खिळलेले व झोपडवस्तीतील वृद्ध त्यांच्या कक्षेबाहेर राहतात.

कायदा : १९१२ च्या कायद्याची जागा १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने (अंमल १९९३) व त्याची जागा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने (अंमल २०१८) घेतली. शेवटच्या अधिनियमातील मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार व मनःस्थिती यांबरोबर दिशा-काळाचे भान व स्मृती यांच्या गंभीर बिघाडाचाही उल्लेख असल्याने बुद्धिभ्रंश तिच्या कक्षेत येतो. आपल्यावर पुढे कोणते उपचार व्हावेत किंवा होऊ नयेत, हे आगाऊ लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क या अधिनियमाने दिला. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणविषयक अधिनियमाने वृद्धांना मुलांकडून निर्वाह मागण्याची सोय केली. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, परत मिळविण्याची तरतूदही त्यात आहे.

मात्र एक पोकळी उरली. जुन्या कायद्यांत मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी न्यायालयाने व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या अधिनियमात ती नाही. कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी गेली, की १८७२ च्या करार अधिनियमानुसार ते पत्रच संपुष्टात येते. परिणामी वडिलांचे निवृत्तिवेतन बँकेत साठते, परंतु त्यांच्याच औषधासाठी मुलीस ते काढता येत नाही, असे प्रसंग येतात. अशा वेळी उच्च न्यायालयाकडे जाऊन पालकत्वाचा आदेश मिळवावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने असे आदेश दिले आहेत. पण सामान्य कुटुंबास हा मार्ग खर्चाचा व वेळखाऊ वाटतो. रोगाच्या आरंभी, रुग्णाची समज शाबूत असतानाच, संयुक्त खाते, नामनिर्देशन व मृत्युपत्र यांची व्यवस्था करणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. लवकर निदान करण्याचे हे एक वैद्यकेतर पण सबळ कारण होय.

साहित्य व कलांतील प्रतिबिंब : वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) या नाटकात मुलांच्या घरी परके झालेले वार्धक्य आहे. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ या नाटकात मुलांविना उरलेल्या दांपत्याचा एकाकीपणा आहे. या दोन्ही नाटकांत प्रश्न नात्यांचा आहे, मेंदूच्या रोगाचा नाही. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटात बुद्धिभ्रंश हा रोग म्हणून मध्यवर्ती आला. त्यातील संस्कृत पंडिताची भूमिका मोहन आगाशे या मनोविकारतज्ञ अभिनेत्यानेच केली. चार दशकांतील हा प्रवास समाजाच्या जाणिवेत पडलेला फरक दाखवितो.

उपचार व प्रतिबंध : आल्त्सहायमर रोगात मेंदूतील ॲसिटिलकोलीन हे द्रव्य कमी पडते, हे १९७६-७७ च्या सुमारास समजल्यावर ते टिकविणारी औषधे निघाली. त्यांत डोनेपेझिल (१९९६) सर्वाधिक वापरले जाते. ही औषधे लक्षणे काही काळ सौम्य करतात, पण रोग थांबवीत नाहीत. मेंदूत साचणारे प्रथिन दूर करणाऱ्या लेकानेमॅबसारख्या औषधास अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. तथापि त्याचा लाभ मर्यादित, खर्च मोठा व दुष्परिणाम गंभीर आहेत. याउलट अवसादावर औषधे व समुपदेशन यांचा चांगला गुण येतो. प्रतिबंधाच्या दृष्टीने लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये चौदा घटक सांगितले : अल्पशिक्षण, बहिरेपणा, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉलची वाढ, स्थूलता, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, डोक्यास इजा, अवसाद, एकाकीपण व हवेचे प्रदूषण. हे सर्व दूर झाल्यास जगातील सु. ४५% बुद्धिभ्रंश टळू वा लांबू शकेल, असा त्याचा निष्कर्ष आहे. यांतील बहुतेक घटकांवर मनोविकारतज्ञाच्या दवाखान्यापेक्षा शाळा, महापालिका व कुटुंबच अधिक काम करू शकतात.

समालोचन : ठाणे-कल्याण परिसराचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहता वृद्धांच्या मनोविकारांचा भार प्रथम एकत्र कुटुंबाने, नंतर लहान कुटुंबाने आणि त्यातही बहुधा एकाच स्त्रीने, पत्नीने, सुनेने वा मुलीने, वाहिला असे दिसते. शासनाचे मनोरुग्णालय त्यांच्यासाठी उभारले गेले नव्हते, कायद्याने त्यांची दखल उशिरा घेतली आणि वैद्यकाने त्यांचा रोग ओळखण्यास विसावे शतक जवळजवळ संपत आणले. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमात व २०१०-११ च्या वृद्धांच्या आरोग्यविषयक राष्ट्रीय कार्यक्रमात या प्रश्नाची नोंद झाली. वृद्धांसाठी १४५६७ ही मदतसेवाही सुरू झाली (२०२१). परंतु रुग्णास काही तास सांभाळणारी केंद्रे, सेवा करणाऱ्या स्त्रीस विसावा, प्रशिक्षित परिचारक आणि पालकत्वाचा सुटसुटीत कायदा यांची उणीव कायम आहे. वस्तीच्या चालण्याच्या अंतरावर अशी केंद्रे उभी राहिली, तर दार बंद असलेल्या ब्लॉकमधील वृद्धास चाळीतील ती सामाईक नजर निराळ्या रूपात पुन्हा लाभू शकेल.